घर गळते ते कोणामुळे?

नवे घर बांधून होते. वास्तुशांत होते, सोयरेधायरे जेवून जातात, आणि मृगाच्या पहिल्या सरींतच माजघराच्या कोपऱ्यात ओलीचा डाग उमटतो. आषाढ उजाडेपर्यंत तो हातभर वाढतो. न्हाणीघराखालच्या छतातून पाणी ठिबकू लागते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो, फरशीवर काठी आपटली तर पोकळ आवाज येतो. घरमालक हे ज्याच्या कानी घालतो त्या प्रत्येकाकडून त्याला एकच उत्तर मिळते : ‘हल्ली कारागीरच उरले नाहीत हो, गवंड्यांना कामाची लाजच राहिलेली नाही.’ कंत्राटदार हे म्हणतो, नकाशावर सही करणारा इंजिनिअर हे म्हणतो, कर्ज देणाऱ्या बँकेचा अधिकारी हे म्हणतो. खेदाची गोष्ट अशी की, मजुरांच्या मेळाव्यात अध्यक्षस्थानी बसणारे कार्यकर्तेसुद्धा स्वतःच्या घराचा गिलावा निखळला की हेच वाक्य उच्चारतात.

वाक्य निरुपद्रवी वाटते. पण त्याने कंत्राटदाराची सुटका होते, घरमालकाच्या रागाला वाट मिळते, आणि ज्याला उत्तर देण्यासाठी कोणी कधीच बोलावत नाही त्या माणसावर ठपका राहतो. तो माणूस तोवर दुसऱ्या गावी दुसऱ्या परांचीवर चढलेला असतो. म्हणूनच या आरोपाची उलटतपासणी होणे अगत्याचे आहे.

तालुक्याच्या गावी निवृत्त झालेल्या एखाद्या शिक्षकाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, पत्नीचे थोडे सोने आणि बँकेचे कर्ज एवढ्या भांडवलावर तो हजार चौरस फुटांचे घर बांधायला काढतो. व्यवहार ठरतो तो उक्ता : मालासह चौरस फुटाला अमुक रुपये. लेखी करार बहुधा नसतोच. असलाच तर मुद्रांकावरचे एक पान, आणि त्या पानावर हप्ते केव्हा द्यायचे एवढेच काय ते नेमकेपणाने लिहिलेले.

शिक्षकाला वाटते की आपण घर बांधायला दिले. कंत्राटदाराने मात्र त्याच दिवशी त्या घराचे तुकडे केलेले असतात. सेंटरिंग एकाकडे, सळया बांधणे दुसऱ्याकडे, वीटकाम व गिलावा तिसऱ्याकडे. नळकाम, वीज, फरशी, रंग ही कामे आणखी चौघांकडे. यांतले प्रत्येक काम पुन्हा उक्तेच. गिलाव्याचे काम घेतलेला मुकादम सकाळी मजूर अड्ड्यावर जातो आणि रोजावर माणसे उचलतो. मराठवाड्यातून दुष्काळाने उठलेली, कलबुर्गी-यादगीरकडून आलेली, बिहार-झारखंडमधून रेल्वेच्या जनरल डब्यात उभी राहून आलेली ही माणसे असतात. शिक्षकाने दिलेला रुपया त्यांच्या हाती पडेपर्यंत तीनचार हातांतून जातो, आणि प्रत्येक हात त्यातला वाटा काढून घेतो. शेवटच्या माणसाकडे पैसा थोडा उरतो. आणि पैशाहूनही थोडा उरतो तो वेळ.

वेळेची चोरी

घराच्या बहुतेक दोषांच्या मुळाशी हा वेळ आहे. सिमेंट वाळून घट्ट होते असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ते पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होते, आणि ही क्रिया चालू असेपर्यंत त्याला ओले ठेवावे लागते. काँक्रीटच्या कामासाठी असलेल्या आय. एस. ४५६ या भारतीय मानकाने (२००० ची आवृत्ती) साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान ७ दिवस आणि राखमिश्रित वा इतर मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला निदान १० दिवस पाणी मारावे असे सांगितले आहे. आज बाजारात मिश्र सिमेंटच सर्रास मिळते. तेव्हा दहा दिवस दिवसातून अनेकदा स्लॅबवर, कॉलमवर, भिंतींवर पाणी मारायला माणूस हवा. या माणसाचा रोज कोणाच्या उक्त्यात धरलेला असतो? कोणाच्याच नाही. सेंटरिंगवाल्याचे काम फळ्या लावण्याचे, गवंड्याचे काम गिलावा करण्याचे; स्लॅब पडला की बिगारी पुढच्या कामावर गेला. मग शिक्षकाची पत्नी सकाळ-संध्याकाळ नळी धरून उभी राहते. मधल्या उन्हाच्या वेळी भिंत तहानेने फाटते.

काँक्रीट कालवण्याचेही तेच. मजबुतीला पाणी मोजून लागते. एम २० प्रतीचे काँक्रीट ठरावीक प्रमाणात हाताने कालवताना ५० किलोच्या एका पोत्याला ३० लिटरपेक्षा अधिक पाणी नको, असा त्याच मानकाचा दंडक आहे. परंतु घट्ट काँक्रीट सळयांच्या जाळ्यात बसवायला व्हायब्रेटर लागतो, हात लागतात, तास लागतात. दोन बादल्या जास्त ओतल्या की तेच काँक्रीट आपोआप वाहत जाते आणि सूर्य मावळण्यापूर्वी स्लॅब आटोपतो. स्लॅब टाकणाऱ्या टोळीला मजुरी मिळते ती स्लॅबमागे. पाणी का वाढते याचे उत्तर मजुराच्या स्वभावात शोधायचे की त्याच्या मजुरीच्या पद्धतीत?

सेंटरिंगच्या प्लेटा आणि टेकू दिवसाच्या भाड्याने येतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याखालचे १४ दिवस काढू नयेत असे मानक सांगते. सहा मीटरहून लांब तुळईला तर २१ दिवस हवेत. भाड्याचा मीटर मात्र मानक ओळखत नाही. पुढच्या कामावर प्लेटा हव्या असतात, म्हणून येथल्या लवकर उतरतात. न्हाणीघराचे जलरोधक काम झाल्यावर तेथे दोन दिवस पाणी साठवून खालून गळते का ते पाहावे, हे प्रत्येक फरशीवाल्याला ठाऊक असते. पण ते दोन दिवस त्याने बिनमजुरीने बसून काढायचे असतात. तो बसत नाही. आणि तो बसत नाही याबद्दल त्याला नावे ठेवणाऱ्याने आपण दोन दिवस बिनपगारी किती वेळा बसलो हे स्वतःला विचारावे.

चांगल्या कामाचा दंड

हिशेब सोपा आहे. समजा, एखादा गवंडी भिंत नीट भिजवून, ओळंबा धरून, काँक्रीट आणि वीटकाम यांच्या सांध्यावर जाळी ठोकून दिवसाला १०० चौरस फूट गिलावा करतो; आणि हे सारे टाळले तर १५० करतो. मजुरी चौरस फुटाने मिळत असेल तर नीट काम करणाऱ्याच्या कमाईत एक तृतीयांश घट होते. म्हणजे या व्यवस्थेने चांगल्या कामाला दंड लावलेला आहे आणि वाईट कामाला बक्षीस ठेवलेले आहे. असे असूनही जी भिंत सरळ उभी राहते ती केवळ त्या गवंड्याच्या स्वाभिमानावर उभी असते. कारागिराची लाज गेली म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, बांधकामाच्या या सबंध साखळीत चांगल्या कामापायी पदराला खार लावून घेणारा कोणी असेल तर तो तोच.

मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात नगावर ठरणाऱ्या मजुरीचे विवेचन केले आहे. अशा मजुरीत मालकाला देखरेखीची गरज फारशी उरत नाही, मजूर आपण होऊन स्वतःला राबवून घेतो, आणि मालक व मजूर यांच्यामध्ये कामे पोटकंत्राटाने देणाऱ्या मध्यस्थांची फळी उभी राहते, हे त्याने दाखवून दिले. मध्यस्थाचा नफा येतो कोठून? मालकाने मोजलेली किंमत आणि मजुराच्या हाती पडलेली किंमत यांच्या फरकातून. घरमालकाने कंत्राटदाराला घासाघीस करून दर पाडायला लावला की तो फरक कमी होत नाही. कमी होतो तो मजुराचा वाटा आणि भिंतीतले सिमेंट.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट ट्रेसल या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका रंगाऱ्याची कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर, १९१४ साली, प्रसिद्ध झाली. ‘फाटक्या विजारीतले परोपकारी’ असा तिच्या नावाचा अर्थ. घरांची रंगरंगोटी आणि डागडुजी करणाऱ्या कामगारांचे ते चित्रण आहे. तेथे कामगारांना नीट काम करायचे असते. पण मुकादम मागे उभा राहून रंगाचे हात वगळायला लावतो, खरवडणे-घासणे टाळायला लावतो, कारण काम कमी दराने मिळवलेले असते. शंभराहून अधिक वर्षे लोटली. मुकादमाच्या हाती आता मोबाईल आला, एवढाच काय तो फरक.

बाजाराचे गोडवे गाणारे म्हणतील की, वाईट काम करणारा कंत्राटदार स्पर्धेत आपोआप मागे पडेल. तसे का होत नाही याचे उत्तर बाजाराच्याच अर्थशास्त्राने दिलेले आहे. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले की, मालाची प्रत विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल तर चांगला मालच बाजारातून हुसकला जातो. कारण घेणारा सरासरीपेक्षा अधिक किंमत द्यायला धजत नाही. २००१ साली त्यांना या स्वरूपाच्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. घराइतके हे कशाला लागू पडणार? सळईवर काँक्रीटचे आवरण किती, हे काँक्रीट ओतल्यावर कोणाला दिसत नाही. दिसतो तो दर. दहा दिवस पाणी मारण्याचा रोज दरात धरणारा प्रामाणिक कंत्राटदार महाग ठरतो आणि काम गमावतो.

येथे एक आक्षेप येईल : मग गवंड्याचा दोष कधीच नसतो काय? असतो. ओळंबा न लावणारे, मिश्रणाचे प्रमाण न जाणणारे, कालचा बिगारी आज थापी हाती धरून गवंडी झालेला, असे पुष्कळ आहेत. पण कालच्या बिगाऱ्याला आज गवंडी कोण करते? त्याला शिकवण्याचा खर्च कोणी करत नाही आणि गवंड्याला द्यायची मजुरी वाचते म्हणून मुकादम करतो. ‘पूर्वीचे कारागीर’ म्हणून जे उसासे सोडले जातात, त्यांतही पुष्कळ भाबडेपणा आहे. पूर्वीचे कसब जातीच्या दावणीला बांधलेले होते. वडार, पाथरवट, सुतार यांना त्या कसबाबद्दल मान मिळत नव्हता आणि ते सोडून जाण्याची मुभाही नव्हती. जे वाडे उभे आहेत ते आज दिसतात; जी कच्ची घरे पावसात बसली त्यांचे गुणगान करायला कोणी उरलेले नाही. जातीच्या बळावर मिळणारे कसब परत आणायचे नाही. योग्य मजुरीच्या आणि रीतसर शिक्षणाच्या बळावर मिळणारे कसब निर्माण करायचे आहे.

कायदा कोठे पोचतो, कोठे थांबतो

शहरातील सदनिकाधारकाला कायद्याचा आधार काही प्रमाणात मिळाला आहे, आणि तो चळवळींनी मिळवून दिलेला आहे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका-मालकी कायद्यातील तरतुदीनुसार, ताबा दिल्यापासून तीन वर्षांत दाखवून दिलेला बांधकामातील दोष बांधणाऱ्याने विनामूल्य दुरुस्त करणे बंधनकारक ठरले. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, घर बांधून देणे ही ‘सेवा’ आहे आणि तीतील त्रुटीबद्दल ग्राहकाला दाद मागता येते. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यातही घरबांधणी सेवेच्या व्याख्येत आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ज्याला लोक ‘रेरा’ म्हणतात त्याने, मुदत पाच वर्षांची केली. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतील, कारागिरीतील वा सोयींतील दोष निदर्शनास आणला तर प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त केला पाहिजे. न केल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. उपकंत्राटदाराकडे वा गवंड्याकडे बोट दाखवून प्रवर्तकाला या दायित्वातून सुटता येत नाही, हे या तरतुदीचे खरे मोल आहे. ज्याने नफा घेतला त्याने दोष निस्तरावा, हे साधे तत्त्व कायद्याने मान्य केले.

पण हा कायदा थांबतो कोठे तेही पाहिले पाहिजे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील वा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. स्वतःच्या भूखंडावर घर बांधणाऱ्या शिक्षकाला तर रेराचा आसराच नाही. त्याच्या हाती उरतो तो ग्राहक आयोग, तोही दोन वर्षांच्या मुदतीत, आणि लेखी करार नसेल तर पुराव्याच्या नावाने शून्य.

त्याहून सूक्ष्म गोष्ट हप्त्यांच्या रचनेत आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांसोबतच्या आदर्श करारनाम्यात हप्त्यांची कमाल मर्यादा दिली आहे. जोते पूर्ण होईपर्यंत ४५ टक्के, सर्व स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७० टक्के. आतला गिलावा, फरशी, दारेखिडक्या झाल्यावर ७५ टक्के. बाहेरचा गिलावा आणि गच्चीचे जलरोधक काम होईपर्यंत ८५ टक्के. आणि ताबा देताना उरतात ते ५ टक्के. पैसा स्लॅबच्या मागे धावतो, म्हणून स्लॅब धावतात. घर गळेल की नाही हे ज्या कामांवर ठरते, त्यांच्या वाट्याला हप्त्यांचे शेपूट येते. ताब्यानंतरच्या पाच वर्षांच्या दायित्वासाठी घरमालकाच्या हाती एक पैसाही राखून ठेवलेला नसतो. सरकार स्वतः रस्ता किंवा इमारत बांधून घेते तेव्हा कंत्राटदाराची सुरक्षा अनामत अडकवून ठेवते आणि दोषदायित्वाचा कालावधी संपल्यावर ती सोडते. सरकारला स्वतःसाठी जी खबरदारी आवश्यक वाटते ती नागरिकासाठी अनावश्यक का वाटावी?

घर बांधणाऱ्याने काय करावे

राज्यव्यवस्था बदलेपर्यंत घर गळू द्यावे असे कोणी सांगणार नाही. काही गोष्टी आजच करता येतात. करार लेखी असावा. त्यात सिमेंटची प्रत, काँक्रीटची प्रत, पाणी मारण्याचे दिवस आणि टेकू काढण्याचे दिवस लिहावेत. पाणी मारणाऱ्या माणसाचा रोज वेगळी बाब म्हणून दाखवावा आणि तो वेगळा द्यावा. सबंध घराच्या खर्चात ही रक्कम नगण्य असते. हप्ते स्लॅबला बांधू नयेत. प्रत्येक टप्प्याची तपासणी झाल्यावर द्यावेत, आणि तपासणारा इंजिनिअर कंत्राटदाराच्या पैशाने आलेला नसावा. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून घ्यावेत आणि २८ दिवसांनी ते दाबून पाहिल्याचा अहवाल मागावा. नळ भिंतीत गाडण्यापूर्वी त्यांत दाबाने पाणी भरून पाहावे व छायाचित्रे ठेवावीत. एकूण रकमेचा काही हिस्सा एक पावसाळा उलटेपर्यंत अनामत राहील अशी अट आरंभीच घालावी.

दोष दिसला तर तोंडी भांडणात दिवस घालवू नयेत. तारीखवार छायाचित्रे, स्वतंत्र इंजिनिअरचा अहवाल, आणि पोच मिळेल अशा रीतीने पाठवलेली लेखी नोटीस, एवढे आधी करावे. डागावर रंग मारून पुरावा पुसू नये. सदनिका असेल तर एकट्याने धावू नये. एका घरात गळते ते बहुधा वरखाली सगळीकडेच गळत असते, आणि संघटनेच्या तक्रारीला जे वजन येते ते एकट्याच्या अर्जाला येत नाही.

आणि एक गोष्ट कदापि करू नये. कंत्राटदाराशी वाद झाला म्हणून मजुरांची मजुरी अडवू नये. कंत्राटदाराचा हप्ता थांबला की पहिली उपासमार त्याच्या घरी होत नाही. हप्ता रोखायचा झाल्यास मजुरांचा हिशेब त्यांच्या हाती पडला आहे ना, हे आधी पाहावे. जो घरमालक मजुराची मजुरी बुडवून भिंतीचा दोष वसूल करू पाहतो, तो आपल्यावरील अन्याय आणखी एक पायरी खाली ढकलतो.

भिंतीच्या पलीकडचे लोक

दोषाची किंमत ओलीच्या डागापुरती मर्यादित राहत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. ती काही जुनीपुराणी नव्हती. २९ जून २०१९ च्या पहाटेपूर्वी पुण्याच्या कोंढव्यात एका गृहसंकुलाची सीमाभिंत पावसात शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर पडली. १५ जण झोपेतच गेले. त्यांत लहान मुलेही होती. ज्यांनी शहरे बांधली ते त्या शहरांतल्या भिंतीखाली मेले. त्या मुलांना कोणत्या रेराची दाद होती? घर घेणाऱ्याचा कायदा वेगळा आणि घर बांधणाऱ्याचा वेगळा, अशी फाळणी करून ठेवल्यामुळे दोघांचे वैर एकच आहे हे दोघांनाही दिसत नाही.

बांधकाम कामगारांसाठी संसदेने १९९६ साली दोन कायदे केले. पुढे २०२० च्या श्रमसंहितांत त्या तरतुदी सामावून घेण्यात आल्या. बांधकामखर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा आणि त्यातून कामगारांचे कल्याण करायचे, ही योजना. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या योजनेची लक्तरे वेशीवर टांगली. ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा झाले होते आणि जेमतेम ९,५०० कोटी खर्च झाले होते. त्यातही लॅपटॉप आणि धुलाईयंत्रे वाटल्याचे प्रकार न्यायालयाने नमूद केले. ज्या बाईला डोक्यावर घमेले घेऊन चार मजले चढावे लागतात, तिला धुलाईयंत्र! हा पैसा गवंड्यांच्या रीतसर शिक्षणावर खर्च झाला असता तर मजुराचे कसब वाढले असते आणि शिक्षकाचे घरही कोरडे राहिले असते.

याला पर्याय नाही असे नाही. केरळात वडकऱ्याजवळ ऊराळुंगल येथे १९२५ साली, समाजसुधारक वाग्भटानंद यांच्या प्रेरणेने, मजुरांनी स्वतःची कंत्राट सहकारी संस्था काढली. तिचे मालक मजूरच. रस्ते, पूल, इमारती बांधणारी ही संस्था शंभर वर्षांनंतरही कामाच्या दर्जासाठी नावाजली जाते. तेथला मजूर काही वेगळ्या मातीचा नाही. मध्ये वाटा खाणारी साखळी नाही आणि कामाच्या नावलौकिकात त्याचा हिस्सा आहे. महाराष्ट्रातही १९६९ चा माथाडी कायदा आहे. ज्या हमालाला कायम मालक नाही, त्याची मजुरी मंडळामार्फत द्यायची आणि मालकांकडून लेव्ही घेऊन त्याला संरक्षण द्यायचे, हे या राज्याने करून दाखवले. पाठीवरच्या पोत्याला जे तत्त्व लागू पडले ते डोक्यावरच्या घमेल्याला का लागू पडू नये?

चळवळीपुढील काम

समाजवादी कार्यकर्त्यांत एक जुना संकोच आहे. गळक्या घराचा प्रश्न हा ‘घर असलेल्यांचा’, म्हणून मध्यमवर्गीय. तो ग्राहक मंडळांनी पाहावा, आपण मजुरांचे पाहू, अशी वाटणी होऊन बसली आहे. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मानली नव्हती. नागरी निवारा परिषदेच्या रूपाने त्यांनी गोरेगावात जमिनीसाठी लढा दिला आणि हजारो कुटुंबांची घरे उभी केली. घराचा प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न आहे हे त्यातून दाखवून दिले. ज्याने आयुष्याची पुंजी चार भिंतींत घातली तो शिक्षक, कारकून, लहान शेतकरी हा चळवळीचा शत्रू नव्हे. त्याचा राग योग्य आहे. तो चुकीच्या दारी जातो आहे. त्याला योग्य दार दाखवण्याचे काम कार्यकर्त्यांनी केले नाही, तर त्याच रागाचे ‘परप्रांतीय मजुरांमुळे कामे बिघडली’ अशा विषात रूपांतर करणारे टपून बसलेले आहेतच.

तेव्हा तालुक्या-तालुक्यात मागण्या मांडाव्यात. घर केवढेही लहान असो, पाच वर्षांचे दोषदायित्व प्रत्येक कंत्राटावर कायद्याने लागू व्हावे. करारातील हप्त्यांचा काही हिस्सा या मुदतीपर्यंत अनामत राहावा. मजुरांची मजुरी मुकादमाच्या खिशातून न जाता माथाडीच्या धर्तीवर मंडळामार्फत जावी. उपकराच्या निधीतून प्रत्येक जिल्ह्यात गवंडी, सेंटरिंग, फरशी यांचे सवेतन शिक्षण मिळावे. आणि या मागण्यांच्या सभेत गृहसंस्थेचा अध्यक्ष व बांधकाम कामगार संघटनेचा प्रतिनिधी एकाच सतरंजीवर बसलेले असावेत.

पुढच्या पावसाळ्यात कुठल्याशा घराच्या कोपऱ्यात पुन्हा डाग उमटेल. शेजारी पुन्हा म्हणेल, कारागीर उरले नाहीत. तेथे कार्यकर्ता असेल तर त्याने एवढेच विचारावे : या भिंतीला दहा दिवस पाणी मारायचे होते, त्या दहा दिवसांचा रोज कोणाला दिला होता?